केमो चालू असताना आईला व्यायाम करू द्यायचा का, आणि दिला तर किती?

आधी तुमचा प्रश्न मला कसा कळलाय ते सांगते, म्हणजे काही चुकलं असेल तर लक्षात येईल. आई ५८ वर्षांच्या, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन साधारण तीन महिने झालेत, काखेतल्या गाठीपण काढल्यात, केमोच्या तीन सायकल झाल्या, चौथी पुढच्या आठवड्यात, त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल या केमोच्याच दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याला एक असे १२ डोस आणि मग रेडिएशन. दिवसाचा बराचसा वेळ त्या पडून असतात, ऑपरेशनच्या बाजूचा हात अंगाशी धरून ठेवतात, बाबा त्यांना पाण्याचा ग्लासपण उचलू देत नाहीत, आणि तुम्ही विचारताय की केमोमध्ये व्यायाम केला तर अशक्तपणा अजून वाढेल का.

नाही वाढणार. बेतानं केला तर कमी होईल. आणि अजून तीन-चार महिने असंच पडून राहिल्या तर मात्र नक्की वाढेल. मी फिजिओ आहे, गेली १७ वर्षं फक्त कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करते, आणि हे एवढं ठामपणे सांगते कारण याची उलटी बाजू मी रोज बघते. ट्रीटमेंट संपते, रिपोर्ट चांगले येतात, घरचे खूश असतात, आणि पेशंटला एक जिना चढवत नाही. तो अशक्तपणा सगळा औषधाचा नसतो हो. त्यातला बराचसा पलंगाचा असतो.

केमोचा थकवा हा वेगळा प्रकार आहे हे घरातल्या प्रत्येकाला एकदा नीट समजावून सांगा. आपण दिवसभर राबलो की थकतो, रात्री झोपलो की सकाळी ताजे. हा थकवा तसा नाही. दहा तास झोपून उठलं तरी अंगात जडपणा तसाच, म्हणून माणूस अजून झोपतो, तेवढ्यानं स्नायू अजून बारीक होतात, मग नुसतं बाथरूमपर्यंत जायलाही आधीपेक्षा जास्त जोर लागतो, की पुन्हा थकवा. असं ते चक्र आहे. त्यात केमोबरोबर उलटीसाठी किंवा रिअॅक्शन येऊ नये म्हणून स्टिरॉइड देतात, ते वारंवार मिळत राहिलं तर मांड्यांचे आणि खुब्याजवळचे मोठे स्नायू ढिले पडू शकतात. खुर्चीतून उठताना हातानं रेटा द्यावा लागतो ना, ते बऱ्याचदा तिथून येतं. औषध थांबवणं आपल्या हातात नाही आणि थांबवायचंही नाही, पण स्नायूंना रोज थोडं काम देणं आपल्या हातात आहे.

थकव्याला दुसरी कारणंही असतात बरं का. हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, थायरॉइड बिघडलेला असतो, झोप तुटक असते, मन खचलेलं असतं. म्हणून 'केमो आहे, थकवा असणारच' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा, तपासता येण्यासारखं ते तपासतील. पण २०१७ मध्ये ११ हजारांहून जास्त पेशंटवरच्या ११३ अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला होता, त्यात कॅन्सरच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपाय हे थकव्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपेक्षा जास्त उपयोगी ठरले. माझ्या कामात मला जे दिसतं ते याच्याशी तंतोतंत जुळतं.

आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही. १९८० च्या दशकात, जेव्हा सगळीकडे एकच सल्ला होता की गप पडून राहा, तेव्हा अमेरिकेत काही नर्स-संशोधकांनी केमो चालू असलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांना जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे, आणि त्या बायकांचा दम वाढला. केमो चालू असताना वाढला! त्यानंतर शेकडो अभ्यास झाले. २०१८ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि २०१९ मध्ये शिफारशी छापल्या: आठवड्यातून तीनदा प्रत्येकी ३० मिनिटं मध्यम जोराचा दमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, एवढ्यावर थकवा, चिंता, उदासी आणि रोजची कामं करायची क्षमता या सगळ्यात फरक पडतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीनं, स्पष्ट सांगितलं की बरं करण्यासाठी ट्रीटमेंट चालू असलेल्या पेशंटला डॉक्टरांनी स्वतःहून व्यायाम सुचवावा.

बाबांच्या मनात कदाचित ती भीतीही असेल की हालचाल केली, रक्त जोरात फिरलं तर कॅन्सर पसरेल. ही भीती मला दर आठवड्याला कोणीतरी बोलून दाखवतं, म्हणून सांगते. आजवरच्या अभ्यासांत व्यायामानं कॅन्सर पसरतो असं दिसलेलं नाही. उलट २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास आला, ८८९ पेशंट, ऑपरेशन आणि केमो संपल्यावर अर्ध्यांना तीन वर्षं कोच देऊन व्यायाम करवला आणि बाकीच्यांना फक्त माहितीची पुस्तिका दिली. पाच वर्षांनी कॅन्सर परत न येता जगणारे व्यायामाच्या गटात ८० टक्के आणि दुसऱ्या गटात ७४ टक्के, आठ वर्षांनी हयात असलेले ९० टक्के आणि ८३ टक्के. आता हा आकडा आईंना जसाच्या तसा लावू नका, तो आतड्याच्या कॅन्सरचा आहे आणि केमोनंतरचा आहे. व्यायाम हा केमोच्या जागी नाही, केमोच्या जोडीला आहे. पण पसरेल ही भीती सोडून द्यायला तेवढा पुरेसा आहे.

आता किती आणि कसा, हे खरं महत्त्वाचं.

वरचा ३० मिनिटांचा आकडा वाचून आईंना उद्यापासून अर्धा तास चालायला लावू नका. तीन महिने पडून असलेल्या माणसाला तो आकडा म्हणजे डोंगर. तिथपर्यंत पोचायला आठ-दहा आठवडे लागले तरी चालेल. आणि केमो चालू असताना तिथपर्यंत नाहीच पोचलं तरी काही बिघडत नाही, जेवढं झालं तेवढं कामाचंच आहे.

पहिल्यांदा आत्ता आपण कुठे आहोत ते बघा. मी नव्या पेशंटला खुर्चीवर बसवते. हात नसलेली, साधी, टणक बैठकीची खुर्ची, पाठ भिंतीला टेकवून ठेवायची म्हणजे सरकणार नाही. पाय खांद्याएवढे लांब, तळवे पूर्ण जमिनीवर, दोन्ही हात छातीवर आडवे. मग मोबाइलवर ३० सेकंद लावायचे आणि पूर्ण उभं राहून पूर्ण बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. साठीच्या आसपासच्या बाईंचं १२ पेक्षा कमी आलं तर पाय कमजोर झालेत असं धरतात. माझ्याकडे एक काकू होत्या, त्यांचीही तिसरी-चौथी सायकलच चालली होती, त्यांचे पहिल्या दिवशी ५ आले, आणि पाचव्या वेळी त्या उठल्या त्या अक्षरशः मांडीवर हात मारून. उठताना गुडघे आत वळत होते, श्वास धरलेला होता, आणि बसताना त्या शेवटच्या चार बोटांत धपकन पडत होत्या. मला आकड्यापेक्षा ते धपकन बसणं जास्त सांगून गेलं, कारण उतरताना जी मांडी धरून ठेवायला लागते तीच जिन्यावरून पडू देत नाही.

त्यांना मी फक्त एवढंच दिलं. सकाळी ५ वेळा आणि संध्याकाळी ५ वेळा खुर्चीतून उठायचं, उठताना श्वास सोडायचा, बसताना मनात चार आकडे मोजत हळू बसायचं, बैठकीवर हवं तर एक जाड उशी ठेवायची म्हणजे उंची वाढते आणि सोपं जातं. आणि घरातल्या घरात पाच मिनिटं चालायचं, दिवसातून तीनदा. दुसऱ्या आठवड्यात उशी काढली. महिन्याभरानं ९ वेळा व्हायला लागलं, आणि मधे एक केमो होऊन गेली होती तरी. केमो संपली तेव्हा त्या १३ करत होत्या, गुडघे सरळ ठेवून, आणि बसताना आवाज नाही.

तुम्हीपण इथूनच सुरू करा. जोर किती लावायचा याला कुठलंही मशीन लागत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा दम लागला की तो मध्यम जोर. दोन शब्द बोलून थांबायला लागत असेल तर जास्त झालं, कमी करा. नाडीच्या आकड्यावर मी केमोत फार भर देत नाही, कारण रक्त कमी असलं, ताप असला, अंगात पाणी कमी असलं की बसल्या जागीही ठोके वाढलेले असतात. व्यायामानंतरचा थकवा तासा-दोन तासांत उतरायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा अंग मोडून पडलंय असं वाटलं तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त होतं, अर्ध्यावर आणा. पूर्ण बंद मात्र नका करू.

पुढची गोष्ट बरेच जण सांगत नाहीत आणि सगळा खेळ तिथेच बिघडतो. केमोत आठवडे सारखे नसतात. आईंची आत्ताची सायकल २१ दिवसांची असणार. केमोचा दिवस पहिला धरा. साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत मळमळ, तोंडाची चव गेलेली, अंग जड, हे सगळ्यात वाईट दिवस. या दिवसांत मी फक्त दोन-तीन मिनिटांच्या चालण्याच्या फेऱ्या देते, पलंगापासून खिडकीपर्यंत आणि परत, आणि पलंगावरच घोट्यांची हालचाल. बाकी काही नाही. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन मिळत असेल तर त्याच दिवसांत कंबर, खुबे, मांडीची हाडं ठणकतात, ते व्यायामानं झालं असं समजून लोक घाबरून थांबतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. मग साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. अंगात थोडी ताकद आलेली असते, पण गर्दीत, जिममध्ये, दहा लोकांनी हात लावलेल्या वजनांजवळ जायचं नाही. व्यायाम घरात किंवा मोकळ्या हवेत. आणि पंधराव्यापासून पुढच्या केमोपर्यंत चांगले दिवस, तेव्हा चालणं वाढवायचं, खुर्चीचे आकडे वाढवायचे. पुढच्या केमोनंतर पुन्हा खाली येणार आणि ते तसंच असतं, त्यात हरल्यासारखं काही नाही. आईंना हे आधीच सांगा, कारण तिसऱ्या दिवशी 'मला काहीच जमत नाही' म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की आज जमायचंच नसतं.

म्हणून एक साधी वही करा. तारीख, केमोचा कितवा दिवस, किती मिनिटं चालल्या, किती वेळा उठल्या, थकवा शून्य ते दहामध्ये किती. दोन सायकल लिहिलं की आईंचा स्वतःचा नमुना दिसायला लागतो. प्रत्येकाचा वेगळा असतो, कोणाचा वाईट दिवस तिसरा तर कोणाचा सहावा.

हाताकडे येते. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो, लिम्फिडिमा, हे तुम्हाला ऑपरेशनच्या वेळी सांगितलं असेल, आणि त्यावरून घरात 'हात जपायचा' म्हणजे 'हात वापरायचाच नाही' असं झालं असेल. खूप वर्षं सगळीकडे हाच सल्ला होता. मग कॅथरीन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४१ बायकांवर अभ्यास केला, सगळ्यांना आधीच हातात सूज होती, अर्ध्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला दिली, अगदी हलक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत, सूज दाबून ठेवणारी बाही घालून आणि सुरुवातीला शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. २००९ मध्ये तो छापून आला. वजन उचलणाऱ्यांमध्ये सूज भडकली १४ टक्के बायकांची, न उचलणाऱ्यांमध्ये २९ टक्के. म्हणजे ज्या गोष्टीला आपण घाबरत होतो ती उलटी निघाली. बाबांना हे नक्की वाचून दाखवा, पाण्याचा ग्लास तर सोडाच.

पण 'हळूहळू' हा शब्द त्यात फार मोठा आहे. एकदम पाच किलोची पिशवी नाही. तीन महिने झालेत आणि जखम भरलीये असं सर्जननी सांगितलं असेल तर आधी हाताची पूर्ण हालचाल परत आणायची, ताकद नंतर. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी भिंतीवर मुंगीसारखं वर चढत जायचं, ताण येतो पण कळ येत नाही तिथे थांबायचं, तीन-चार संथ श्वास घ्यायचे, तसंच चालत खाली यायचं. पेन्सिलनं तारीख घालून खूण करा. पाच वेळा, दिवसातून दोनदा. खांदा कानाकडे उचलला जातोय का ते मागून बघा, पेशंटला स्वतःला ते कळत नाही, आणि मग हात वर गेल्यासारखा वाटतो पण गेलेला असतो फक्त खांदा.

हात उचलल्यावर काखेत किंवा दंडाच्या आतल्या बाजूला दोरीसारखं काही ताणलेलं दिसतं का तेही बघा. कधी कधी ती दोरी कोपरापर्यंत, अगदी मनगटापर्यंत जाते. बायका याला फार घाबरतात, त्यांना वाटतं काही परत आलं. काखेच्या ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणींना होतं, बहुतेकांचं हळुवार ताणण्यानं काही आठवड्यांत ते महिन्यांत सुटतं, पण फिजिओला एकदा दाखवा म्हणजे ते तेच आहे याची खात्री होईल आणि कसं ताणायचं तेही कळेल.

आणि हाताची घाई का करायची याचं एक अगदी व्यवहारी कारण आहे. रेडिएशनच्या वेळी आईंना टेबलावर झोपून तो हात डोक्याच्या वर नेऊन अजिबात न हलता ठेवावा लागेल, सलग काही मिनिटं, आणि तेही बरेच दिवस. हात वर जात नसेल तर तिथे फार हाल होतात, कधी कधी हात येईपर्यंत प्लॅनिंगच पुढे ढकलावं लागतं. आत्तापासून रोज पाच मिनिटं दिली तर तोपर्यंत आरामात हात जाईल. पूर्ण हालचाल आली की मग अर्धा किलोचं वजन किंवा मऊ रबरी पट्टा, आठ ते दहा वेळा, आठवड्यातून दोनदा, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी हात जड वाटतोय का, अंगठी किंवा बाही घट्ट होतेय का ते बघून मगच वाढवायचं. तसं वाटलं तर वाढवू नका, दाखवा. केमोसाठी हाताच्या शिरेत लांब नळी घातलेली असेल, ज्याला पिक लाइन म्हणतात, तर त्या हातानं जड काही ओढायचं नाही आणि पोहायचं नाही, बाकी साधी हालचाल चालते. छातीत पोर्ट, म्हणजे केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी, असेल तर त्या बाजूला जोरात ताण देणारे प्रकार तेवढे टाळा.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं की चित्र बदलेल. मळमळ बहुतेक कमी होईल, पण हातापायाच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा येऊ शकतो, आणि तो डोस वाढत जातील तसा वाढतो. पायाला जमीन नीट कळत नाही म्हणून तोल जातो. त्या वेळी घरात अनवाणी फिरणं बंद करा, मागून बंद असलेले, सपाट, पातळ पण टणक तळाचे बूट वापरा, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, सैल सतरंज्या उचला, गरम पाणी पायानं तपासू नका, चांगल्या हाताच्या कोपरानं तपासा. आणि तोलाचा व्यायाम आत्ताच सुरू करा, मुंग्या यायची वाट बघू नका. भिंतीच्या किंवा ओट्याच्या कडेला उभं राहायचं, बोटं टेकवून ठेवायची, एक पाय दुसऱ्याच्या पुढे एका रेषेत, दहा सेकंद, मग पाय बदलायचा. जमलं की एका पायावर. जवळ कोणीतरी उभं हवंच. मुंग्या वाढल्या, शर्टाची बटणं लावायला अडचण यायला लागली तर ते फिजिओला नाही, आधी ऑन्कोलॉजिस्टना सांगा, डोस कमी-जास्त करायचा निर्णय त्यांना घ्यावा लागतो. 'केमो कमी करतील' म्हणून पेशंट हे लपवतात आणि नंतर तो बधिरपणा कायमचा राहतो.

आता कधी थांबायचं. ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा वर, व्यायाम बंद आणि लगेच हॉस्पिटलला फोन, रात्री असला तरी, सकाळची वाट नको. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर, ठोके अनियमित, थांबा आणि कळवा. आईंच्या पहिल्या चार सायकलमधलं औषध जर लालसर रंगाचं असेल, डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन, तर ते हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून ही लक्षणं 'दम लागला असेल' म्हणून सोडायची नाहीत. एकाच पायाच्या पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा, तो पाय चोळायचा नाही, मालिश नाही, व्यायाम नाही, रक्ताची गुठळी आहे का ते तपासायला जायचं. कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये हा धोका खरा असतो. उलट्या-जुलाब झाले असतील तर तो दिवस सोडा. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल किंवा प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि प्लेटलेट २० हजारांच्या खाली गेल्या तर ताकदीचे व्यायाम पूर्ण बंद, फक्त घरातलं हलकं चालणं, तेही विचारून.

हाडांबद्दल जरा थांबून सांगते. मी नवीन असताना एका पेशंटची कंबरदुखी मी पडून राहिल्यामुळे असेल असं धरून चालले होते आणि पाठीचे व्यायाम देत होते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं होतं ते, आडवं झाल्यावर वाढणारं. मी ते विचारलंच नव्हतं. माझ्या सिनियरनी एका प्रश्नात पकडलं, व्यायाम थांबवला, स्कॅनमध्ये मणक्यात कॅन्सरचा आजार निघाला. सुदैवानं वेळेत निघाला. त्या दिवसापासून मी कुठल्याही पेशंटला हात लावायच्या आधी रात्रीच्या दुखण्याबद्दल विचारते, आणि तुम्हीही लक्ष ठेवा. नवीन, एकाच जागी असणारं, रात्री वाढणारं हाडाचं दुखणं आलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना सांगायचं. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर ती इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी जायचं. हाडात आजार असलेल्यांनाही व्यायाम देतात, पण तो कंबर पिळणं, वाकून उचलणं, उड्या हे सगळं टाळून, कुठलं हाड कमजोर आहे ते बघून दिलेला असतो, लेखात वाचून करायचा नसतो.

'व्यायामानं केमो नीट पूर्ण होते का' हेही मला विचारतात. कॅनडातल्या २४२ ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटवरच्या २००७ च्या अभ्यासात वजनाचे व्यायाम करणाऱ्यांना केमोचा ठरलेला डोस जास्त पूर्ण मिळाला होता, पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. म्हणून मी ते आश्वासन देत नाही. थकवा, ताकद, झोप, मन, यांचं मात्र देते.

खाण्याचं फार बोलत नाही, तो माझा विषय नाही, फक्त एवढंच की प्रथिनं पोटात नसतील तर नुसत्या व्यायामानं स्नायू टिकत नाहीत. दर किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम आणि जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत, असं साधारण धरतात, किडनीचा त्रास नसेल तर. आहारतज्ज्ञांकडून आईंच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या.

आणि बाबा. बाबांवर चिडू नका. माणसाला काहीच करता येत नाही तेव्हा तो समोरच्याच्या हातातला ग्लास काढून घेतो, तेवढंच त्याच्या हातात उरलेलं असतं. मी अशा नवऱ्यांना काम देते. वही त्यांच्याकडे द्या. ३० सेकंद त्यांना मोजू द्या. फेरी मारताना बाजूला त्यांना चालू द्या, ऑपरेशन न झालेल्या बाजूनं, हात न धरता पण हाताच्या अंतरावर. आणि आईंना 'व्यायाम कर' म्हणू नका, हा शब्द ऐकला की आजारी माणसाला अजून एक परीक्षा आल्यासारखं वाटतं. 'चल, खिडकीपर्यंत जाऊन येऊ' म्हणा. बसून भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं, स्वतःचे केस किंवा स्कार्फ स्वतः नीट करणं, हे त्यांचं त्यांना करू द्या, वेळ लागला तरी. केसावरून हात फिरवणं ही खांद्याची हालचालच आहे. ज्या दिवशी नाही म्हणतील त्या दिवशी एकदाच विचारा, दोन मिनिटांसाठी, आणि तरी नाही म्हणाल्या तर सोडून द्या, उद्या पुन्हा.

चौथी केमो पुढच्या आठवड्यात म्हणजे आत्ता त्यांचे चांगले दिवस चालू आहेत. या दोन-तीन दिवसांतच खुर्चीची टेस्ट करून घ्या आणि भिंतीवर पहिली खूण करा, कारण केमोनंतर केलीत तर आकडा उगाच खाली येईल. आणि केमोच्या दिवशी ऑन्कोलॉजिस्टना तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: हाडांत कुठे काही आहे का, हृदयाचा इको कधी झाला आणि कसा आहे, आणि यावेळचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, किती आहेत. ती उत्तरं आणि टेस्टचा आकडा घेऊन जवळच्या एखाद्या कॅन्सरचं काम करणाऱ्या फिजिओला एकदा प्रत्यक्ष दाखवा. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ ५-५ वेळा उठणं-बसणं, पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि भिंतीवरची बोटं.